शटर मी उघडते

सोमवार, ४ मार्च

अहो,

फोनवर तुम्ही नुसतं "हं, हं" करता, आणि माझा आवाज जरा चढला की फोन जाऊबाईंच्या हातात देता. त्या बिचाऱ्या मला विचारतात, तिकडे हवा कशी आहे. हवा उत्तम आहे. म्हणून आता लिहायला बसले. कागदावर "हं" करून भागत नाही.

"धाकट्याकडे जरा काम आहे, दोन दिवसांत येतो," असं म्हणून गेलात. पहाटे गेलात, चहासुद्धा न घेता. त्याला आता तीन आठवडे होत आले. तुमच्या धाकट्या भावाकडे असं कोणतं काम निघालं, ते मला कुणी सांगेल का? त्याच्या सलूनमध्ये दोन कारागीर आहेत, तब्येत ठणठणीत आहे, आणि त्याला तुमची आठवण आजवर फक्त घरच्या लग्नकार्यात आलेली आहे.

इथे यायचं आपण दोघांनी ठरवलं होतं, एवढं तरी आठवतं ना? महानगरातली आपली इमारत पाडायला काढली, सव्वीस वर्षांचं सलून गेलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात की शहराच्या आत आता आपला निभाव लागायचा नाही, तासाभराच्या अंतरावर कुठेतरी बघू. खाली दुकान, वर दोन खोल्या. घरमालक म्हणाले, तीन महिने राहून बघा, पटलं तर पाच वर्षांचा करार करू, नाही पटलं तर तुम्ही मोकळे आणि मी मोकळा. असा घरमालक शोधून सापडत नाही. तुम्ही मात्र दहा दिवसांतच बघणं संपवलंत.

आणि काल फोनवर एकदाचं तोंड उघडलंत, तर कारण काय दिलंत? "तिथे सगळ्या मुलखांतली माणसं. कुणाचा कुणाला पत्ता नाही. एका वेळी चार भाषा कानावर पडतात आणि एकही धड कळत नाही. आपल्याला मानवायचं नाही." आपल्याला म्हणजे कुणाला हो? मला कुणी विचारलं? सव्वीस वर्षं मी त्या दुकानात केस धुतले, रंग लावले, केर काढला, गिऱ्हाइकाच्या मानेमागे आरसा धरून उभी राहिले. तुम्ही "चला" म्हणालात, मी निघाले. आता तुम्ही "मानवायचं नाही" म्हणणार आणि मी परत निघायचं. तुमच्या पेटीतला कंगवा आहे का मी?

इथे सगळं छान आहे असं मी मुळीच म्हणत नाही. वरच्या मजल्यावरचा माणूस दिवसभर पलंग सरकवत असतो, कुठून कुठे नेतो ते तोच जाणे. जिन्यात समोरच्या दोन्ही घरांच्या चपलांचा असा पसारा असतो की रोज माझा पाय अडकतो. किराणावाल्याकडे मी तोंड उघडलं की गल्ल्यावरच्या पोरी एकमेकींकडे बघून हसतात. पण हे मी राहून सांगते आहे. तुम्ही काय पाहिलंत?

दुकान बंद आहे, काळजी नको. झाडायला म्हणून तेवढं शटर अर्धं उघडते.

तुमची बायको (विसरला असाल, म्हणून लिहिते)


मंगळवार, १२ मार्च

अहो,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. त्यातल्या दोन विजेच्या मीटरबद्दल. मीटर बरा आहे.

"शटर अर्धं कशाला उघडतेस, लोक आत येतील," असं लिहिलंत. आले. काय करू? पलीकडच्या गल्लीतले एक म्हातारबाबा वाकून आत शिरले आणि खुर्चीत बसलेच. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. मी हातवारे करून सांगितलं की कारागीर गावाला गेलेत. त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं की माझ्या डोक्यावर आहेत किती, तुम्हीच उरका. खरंच, फारसे नव्हते. मग मी तुमची दुसरी कात्री काढली, खणात तळाशी असते ती. मोठी तुम्ही नेलीत.

मग एका शाळकरी मुलीचे कपाळावरचे केस. मग तिच्या भावाचे. एवढंच.

माझा हात हलतो, असं तुम्ही सव्वीस वर्षं सांगत आलात आणि मीही मान हलवत आले. हात हलला नाही. एक गंमत मात्र झाली. मी तुमचं काम नेहमी मागून, आरशात बघत आले ना, त्यामुळे पहिल्या दिवशी डावीकडचं सगळं उजवीकडे जात होतं. म्हातारबाबांचा भांग आता दुसऱ्या बाजूला पडतो. त्यांना आवडला.

आता माझ्या डोक्यावर कुणी मिरे वाटले ते ऐका. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाच सलून आहेत. म्हटलं, आपल्या धंद्यातले शेजारी आहेत, बघून यावं, आणि माझेही केस वाढलेत, तेवढेच कापून घ्यावेत. पहिल्यात शिरले. आतली बाई इतकी गोड हसली, आणि म्हणाली, "सॉरी, आमच्याकडे तुमचे केस होत नाहीत." तुमचे म्हणजे? केस म्हणजे केस. दुसऱ्यात गेले, तिथे माणसाने मला हाताला धरून बाहेर आणलं आणि समोरचं तिसरं दुकान दाखवलं. तिसऱ्याने विचारलं, मी कुठली. मी सांगितलं. तो म्हणाला, मग तुमचं सलून चौकापलीकडे असेल. म्हणजे इथे प्रत्येकाचं डोकं वाटून ठेवलेलं आहे. कुरळ्यांचं एक, सरळ केसांचं एक, झाकलेल्या केसांचं पडदा लावून एक. सगळे एकाच बसमधून जातात, एकाच नळाचं पाणी पितात, फक्त केस कापायला आपापल्या माणसाकडे. मी तशीच वाढलेले केस घेऊन घरी आले आणि रागाने दोन्ही खोल्या पुसून काढल्या.

तुम्हाला वाटेल, बघ, मी म्हणालोच होतो. नाही. तुम्ही असं काहीच म्हणाला नव्हतात. तुम्ही म्हणालात, माणसं वाईट. माणसं वाईट नाहीत. माणसं गोड हसून दार दाखवतात. यात फरक आहे आणि तो दूर बसून कळत नाही.

मला परत यायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. ठरवायला दोघं लागतात. कधी येताय?


शनिवार, २३ मार्च

आज मायना नाही. लिहायचं मनात नाही.

दुपारी दुकानात एक बाई आली. बस चालवते, इथून महानगराच्या मार्गावर. अंगात गणवेश, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. रोज बसमधून आपलं दुकान दिसतं तिला. आज पाळी लवकर संपली म्हणून आली. आत येऊन तिने आधी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "ते कुठे आहेत?" मधली म्हणून एक भाषा दोघींनाही तोडकीमोडकी येते, तिच्यात.

मी म्हटलं, "गावाला गेलेत. काम काय?"

"काम काही नाही. बोलायचं होतं. चार शब्द पाठ करून आले होते."

तिचा सूर ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या हातात सव्वीस वर्षांची कात्री आहे, महानगरात लोक त्यांच्याकडे तीन पिढ्या डोकं वाकवत आले, आणि तुम्ही कोण चार शब्द ऐकवणाऱ्या? अशी बोलले मी. तुमच्यासाठी बोलले. माझ्या तोंडात दात किती आहेत ते तिला पुरतं दाखवलं.

तिने रुमाल सोडला.

मी काय सांगू तुम्हाला. तुम्हालाच ठाऊक आहे. केस असे दाट, बारीक वळणांचे. एका कानाच्या पाळीपर्यंत, दुसऱ्या कानाच्या कितीतरी वर, मागे मधेच एक खळगा. पहिल्यांदा मला वाटलं, हे कुणा पोराने मशीन फिरवलंय. मग मी एक बट हातात घेऊन खाली ओढली. शेजारची ओढली. त्या बाजूची ओढली. सगळी टोकं बरोबर एका रेषेत आली, एका केसाचा फरक नाही. ती रेष मी कुठेही ओळखीन. हात सोडला आणि सगळ्या बटा वर उडाल्या, कुठलीही कुठेही.

ओले केलेत ना? पाणी मारलंत, कंगव्याने ताणलेत आणि नेहमीसारखी रेष मारलीत. ती म्हणाली, "मी सांगत होते, नुसती टोकं, आणि ओले करू नका. त्यांनी मान हलवली आणि पाणी मारलं." तुम्हाला ती काय बोलते ते कळलं नसेल, मान्य. मग थांबायचं होतं. मला वरून हाक मारायची होती, मी खोल्या लावत होते, दहा पायऱ्या उतरून आले असते. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. सगळ्या फोटोंत करवली रुमाल बांधून उभी आहे. तिने मला फोनमध्ये दाखवले.

पण हे काहीच नाही. चूक कुणाच्याही हातून होते. मला संताप आला तो पुढचं ऐकून. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली ती दुपारपासून, पहाटेची पहिली बस तिलाच न्यावी लागली. आणि पहिल्याच थांब्यावर कोण चढलं? पेटी हातात घेऊन तुम्ही. पायरीवर पाय ठेवलात, वर बघितलंत, ती दिसली. आणि पाय मागे घेऊन खाली उतरलात. तिने दार उघडं ठेवून तुमची वाट पाहिली. तुम्ही खांबाकडे तोंड करून उभे राहिलात. सगळी बस तुमच्यासाठी खोळंबली आणि तुम्ही खांब बघत होतात.

"एक शब्द बोलले असते तर मी पुढे गेले असते," ती म्हणाली. "मी तिथे काही भांडणार नव्हते. मला बस न्यायची होती."

आता मला सांगा. "तिथली माणसं आपल्याला मानवायची नाहीत." असंच म्हणाला होतात ना? सगळ्या गावाला नावं ठेवलीत. त्यांची भाषा वाईट, त्यांची गर्दी वाईट, कुणाचा कुणाला पत्ता नाही. आणि होतं काय, तर तुमचा हात चुकला. एक डोकं बिघडलं तुमच्याकडून, आणि ते तोंडाने म्हणायची लाज वाटली म्हणून तुम्ही हजारो माणसांना वाईट ठरवून मोकळे झालात. आणि मला त्या वाईट माणसांत एकटीला ठेवून गेलात. एवढी जर ती वाईट आहेत, तर बायकोला तिथे सोडून जाताना काहीच कसं वाटलं नाही?

सही करत नाही. अक्षर ओळखता ना?


शुक्रवार, ५ एप्रिल

अहो,

मी पानं भरून लिहिलं आणि उत्तरात तुम्ही विचारता, "ती बाई अजून काही बोलली का?" बास. पुढे काही नाही. तुम्ही रडलात की हसलात, मला कळायला काही मार्ग आहे का?

बोलली. ऐका.

ती गेल्या आठवड्यात पुन्हा आली. म्हणाली, आमच्या सलूनमध्ये गेले तर हसतील, विचारतील कुणी केलं हे, आणि मग सगळ्या गल्लीला तुमचं दुकान कळेल. म्हणजे इतके दिवस रुमाल बांधून फिरली, पण आपलं नाव घेतलं नाही तिने कुणाकडे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मला येत नाही हे. आयुष्यात असे केस कापलेले नाहीत." ती म्हणाली, "मग हळूहळू काप. कोरडेच. मी आरशात बघते आणि सांगते."

असं आम्ही केलं. एक बट, मग आरसा. "इथे?" "नको, तिथे." "एवढे?" "अजून थोडे." तुमच्या दुकानात गिऱ्हाईक बसलं की तोंडाला कुलूप, तुम्हाला सगळं ठाऊक असायचं. मागे बारीक, पुढे ठेवायचे. सव्वीस वर्षांत तुम्ही कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही, आणि तिथे विचारायची गरजही नव्हती, सगळी एकाच मुशीतली डोकी. इथे मी इतके प्रश्न विचारले की तिचा चहा गार झाला आणि माझा घसा बसला. रुमाल न बांधता घरी गेली. फार सुंदर झालं असं म्हणणार नाही. पण दोन्ही कान एका उंचीवर दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. मग तिच्या डेपोतल्या दोघी. एकीचे अगदी सरळ, एकीचे झाकलेले. झाकलेलीसाठी मी शटर पूर्ण खाली ओढलं आणि आतून पडदा लावला. प्रत्येकीला मी आधी एकच विचारते, पाणी मारू का. शिकते आहे. चुकतेसुद्धा. एकीचं टोक जास्त कापलं गेलं तर लगेच सांगितलं, बाई, हे जास्त गेलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाली, वाढतील.

तर मी "झाडायला" शटर उघडत नाही. सकाळी पूर्ण उघडते आणि दिवसभर उभी असते. आता हे कळलं तुम्हाला.

आणि बस चालवणारी निघताना काय म्हणाली ते विचारलंत ना? म्हणाली, "ते आले की मी पुन्हा त्यांच्याकडे बसेन. हात चांगला आहे त्यांचा. फक्त विचारलं पाहिजे."

तिने तुम्हाला माफ केलंय. मी नाही. तिला फक्त लग्नात रुमाल बांधावा लागला. मला दोन महिने जेवायला एकटीला बसावं लागतंय, समोर भिंत.

तीन महिन्यांची मुदत संपत आली. घरमालकांना उत्तर द्यायचं आहे. या, बसून बोलू. भांडू, पण इथे बसून.


रविवार, २१ एप्रिल

अहो,

आज घरमालक वर आले. दारात उभे राहून चपला काढू की नको करत होते. म्हणाले, "तुम्ही जाताय हे ऐकून वाईट वाटलं."

मी म्हटलं, "मी कुठे जाते आहे?"

त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, तुमच्या मिस्टरांचा काल फोन आला होता. जागा सोडतो म्हणाले, महिनाअखेरीस सामानाची गाडी येईल म्हणाले. तुम्हाला ठाऊक नाही?

माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. परक्या माणसासमोर, माझ्याच दारात. मी फोन केला तर तुम्ही "हं" म्हणालात आणि जाऊबाई आल्या. त्यांनी सगळं सांगितलं. धाकट्याने तुम्हाला तिसरी खुर्ची दिली आहे, पगारी. त्याच्या हाताखाली. राहायला मागची खोली, आपल्या दोघांना. जाऊबाईंच्या आवाजातही खोलीबद्दल लाज होती. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला विचारलं असेल ना त्यांनी?"

ज्या भावाला तुम्ही वस्तरा धरायला शिकवलंत, त्याच्या दुकानात नोकर म्हणून उभे राहायला तुमची मान खाली जात नाही. एका बाईला "माफ करा" म्हणायला जाते. तिथे रोज तीच डोकी येतील, मागे बारीक, पुढे ठेवायचे, कुणाला काही विचारायला नको. एवढ्यासाठी आपलं सगळं मोडायला निघालात. भीती वाटते, असं सरळ म्हणाला असतात तर मी हात धरून दुकानात उभं केलं असतं तुम्हाला. मलाही वाटते. रोज सकाळी वाटते. नवीन डोकं खुर्चीत बसलं की मी कात्री दोनदा पुसते.

घरमालकांना मी आत बोलावलं, चहा दिला. म्हटलं, ते जागा सोडत असतील तर त्यांच्यापुरती सोडू द्या. करार माझ्या नावाने करा. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, तुम्ही एकट्या चालवाल? मी म्हटलं, दीड महिना कोण चालवतंय असं तुम्हाला वाटतं? ते हसले. उद्या कागद घेऊन येतात.

तर माझं ठरलं. मी इथे राहते. पलंग सरकवणाऱ्याच्या खाली, चपलांच्या पसाऱ्यात. हे गाव आवडलं म्हणून नाही, अजून पुरतं आवडलेलं नाही. इथे अजून कुणी मला घरी जेवायला बोलावलेलं नाही, आणि किराणावाल्याच्या पोरी अजून हसतात. पण इथे मला काही येतं आणि ते मला इथेच कळलं. तुमच्या भावाच्या मागच्या खोलीत मी पुन्हा आरसा धरून उभी राहणार नाही.

सामानाची गाडी पाठवू नका, रिकामी परत जाईल.

आता तुमचं बघू. नोकरीच करायची आहे ना तुम्हाला? मग माझ्याकडे करा. दोन खुर्च्या आहेत, एक रिकामी आहे. सकाळी वेळेवर यायचं, राहायला वरच आहे. पाणी मारायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं. भाषा कळली नाही तर थांबायचं, मला हाक मारायची. चुकलं तर चुकलं म्हणायचं आणि खुर्चीपाशीच उभं राहायचं, पळायचं नाही. पहिलं गिऱ्हाईक बस चालवणारी असेल. मी शेजारीच असेन.

रागाने लिहिते आहे, आणि राग खरा आहे. तो तुम्ही आल्यावरही बरेच दिवस राहील, त्याची तयारी ठेवा. पण मला तुम्ही इथे हवे आहात, हेही तेवढंच खरं आहे. तुम्ही पहाटे निघालात तेव्हा मला विचारलं नाहीत. जागा सोडलीत तेव्हाही विचारलं नाहीत. आपल्या घरात कुणीतरी कधीतरी विचारायला सुरुवात करायला हवी.

येता का?